चार अंगुळांची सावली

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी चौकट येते: आज दिवस आणि रात्र समान. शाळेत आपण हे पाठ केलेलं असतं, म्हणून ती चौकट वाचून फारसं कुणी थांबत नाही. मी मात्र थांबतो आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा शोधतो. २० मार्चला पुण्यात सूर्य साधारण सकाळी ६ वाजून ३८ मिनिटांनी उगवतो आणि संध्याकाळी पावणेसातला मावळतो. बारा तास तर झालेच, वर सात मिनिटं उरली. समान म्हटलेल्या दिवसात ही सात मिनिटं आली कुठून?

ती हवेतून आली. सूर्य क्षितिजाच्या खाली असतो तेव्हाच त्याचे किरण वातावरणातून वाकत आपल्यापर्यंत पोहोचतात. क्षितिजाजवळ हवा सूर्यबिंबाला अर्ध्या अंशाहून थोडं जास्तच वर उचलून दाखवते, म्हणजे जवळजवळ एका आख्ख्या बिंबाएवढं. शिवाय बिंबाची वरची कड दिसली की आपण सूर्य उगवला म्हणतो, आणि तीच कड बुडाली की मावळला म्हणतो. या दोन्हींमुळे दिवस सकाळीही वाढतो आणि संध्याकाळीही. घड्याळाने मोजलेली खरी समान दिवस-रात्र पुण्या-मुंबईकडे १४ मार्चच्या आसपास येऊन गेलेली असते. सप्टेंबरात ती विषुवदिन उलटल्यावर, २९ तारखेच्या सुमारास येते. चौकट छापणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांनी परंपरेने आलेलं वाक्य दिलेलं असतं. पण त्या वाक्यामुळे विषुवदिन म्हणजे तराजूचा काटा मधोमध थांबला आहे, सगळं शांत आणि संतुलित आहे, असं चित्र डोक्यात बसतं. मला या लेखात त्या चित्राविरुद्धच बोलायचं आहे. वर्षभरात उजेड सर्वांत वेगाने बदलतो तो याच दिवसांत.

आधी विषुवदिन ज्यावरून ठरतो तो संपात म्हणजे काय ते पाहू. दोन बांगड्या एकमेकींत तिरक्या अडकवलेल्या डोळ्यांसमोर आणा. एक बांगडी म्हणजे पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत ताणून नेलेलं. दुसरी म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य वर्षभर जिच्यावरून सरकताना दिसतो ती वाट, क्रांतिवृत्त. दोघींच्या पातळ्यांत साडेतेवीस अंशांना किंचित कमी असा कोन आहे. अशा तिरक्या बांगड्या दोनच जागी एकमेकींना छेदतात. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना जिथे विषुववृत्त ओलांडतो तो वसंतसंपात, आणि परतीच्या वाटेवर ओलांडतो तो शरदसंपात. दोन बांगड्यांमधलं अंतर जिथे सर्वांत जास्त ते अयनबिंदू, तिथे २१ जून आणि २१-२२ डिसेंबर.

काटेकोर बोलायचं तर संपात हा दिवस नाहीच, तो एक क्षण आहे. २०२५ चा शरदसंपात भारतीय वेळेप्रमाणे २२ सप्टेंबरला रात्री ११ वाजून ४९ मिनिटांनी झाला. त्या क्षणी सूर्य आपल्या क्षितिजाच्या खूप खाली होता आणि तेव्हाची दुपार भोगत होते ते मेक्सिको आणि अमेरिकेच्या मधल्या भागातले लोक.

हा कोन येतो कुठून, तर पृथ्वीचा आस तिच्या फिरण्याच्या वाटेला काटकोनात नाही म्हणून. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती शाळेत निसटते. पृथ्वी वर्षभरात मान इकडून तिकडे हलवत नाही. तिचा आस बाराही महिने ध्रुवताऱ्याकडेच रोखलेला असतो. दिशा तीच राहते, बदलते ती सूर्याभोवतीची जागा. कक्षेच्या एका टोकाला उत्तर ध्रुव सूर्याकडे कललेला असतो, सहा महिन्यांनी दुसऱ्या टोकाला तोच कल सूर्यापासून दूर जातो. अधल्यामधल्या दोन जागी हा कल सूर्याकडेही नसतो आणि त्याच्या उलटही नसतो, तो बाजूला असतो. त्या वेळी उजेड-अंधाराची सीमारेषा नेमकी दोन्ही ध्रुवांवरून जाते. प्रत्येक अक्षांशाचं वर्तुळ अर्धं उजेडात आणि अर्धं अंधारात असतं. आस सरळ असता तर रोजच विषुवदिन असता, आणि मग विषुवदिन या कल्पनेची गरजच पडली नसती.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते, असं आजही चांगली शिकलेली माणसं सांगतात. खरं उलट आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते तेव्हा, पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, वर्षातल्या सर्वांत जवळच्या ठिकाणी असते. जुलैच्या सुरुवातीला हे अंतर १५ कोटी २१ लाख किलोमीटर होतं. पन्नास लाख किलोमीटर ऐकायला पुष्कळ वाटतात, पण एकूण अंतराच्या मानाने ते तीन टक्क्यांच्या आसपास आहेत. या अंतराचा ठसा ऋतूंपेक्षा तारखांवर जास्त उमटतो. दूर असताना पृथ्वी हळू चालते. त्यामुळे वसंतसंपात ते शरदसंपात हा प्रवास सुमारे १८६ दिवसांचा आणि शरदसंपात ते वसंतसंपात हा १७९ दिवसांचा. वर्षाचे दोन भाग सारखे नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विषुवदिनाला सगळ्या जगाचा दिवस जवळजवळ एकाच लांबीचा असतो. पुण्यात, लंडनमध्ये, अंटार्क्टिकावरच्या मैत्री या आपल्या केंद्रातही. मैत्रीचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेतून चालतो. हिवाळाभर तिथे राहणाऱ्या माणसांना मेअखेर ते जुलै सूर्य दिसत नाही. अशा जागीही विषुवदिनाला बारा तासांचा दिवस मिळतो. पण दिवस सारखा म्हणून ऊन सारखं होत नाही. त्या दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून साडेएकाहत्तर अंशांवर चढतो, लंडनमध्ये साडेअडतीसवर. तेवढंच ऊन तिथे जास्त जमिनीवर पसरतं आणि पातळ होतं. ऋतू घडवणाऱ्या दोन गोष्टी या: सूर्य किती वेळ वर असतो, आणि किती उंच असतो. विषुवदिनाला पहिलीत सगळे समान होतात, दुसरीत होत नाहीत.

मी दर विषुवदिनाला गच्चीवर एक काठी उभी करतो. एक मीटर उंचीची, ओळंबा लावून सरळ केलेली, खाली पांढरा कागद. सकाळी नवापासून सावलीच्या टोकावर खुणा करत जातो. सोसायटीतली मुलं येतात, बसतात, कंटाळतात, परत येतात. दुपारी सगळ्या खुणा जोडल्या की जे दिसतं त्याचं मला दरवेळी तितकंच अप्रूप वाटतं: खुणा एका सरळ रेषेत असतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे नेमकी जाणारी रेषा. वर्षातल्या इतर दिवशी ती वाकते. डिसेंबरात तिचे दोन्ही हात उत्तरेकडे वळतात, जूनमध्ये दक्षिणेकडे. फक्त दोन संपातांच्या दिवशी ती सरळ होते, कारण त्या दिवशी सूर्य आकाशात एका महावर्तुळावरून, खऱ्या विषुववृत्तावरून चालत असतो. होकायंत्र नाही, मोबाइल नाही, आणि कागदावर पूर्व-पश्चिम उमटलेली असते.

दुपारची सर्वांत आखूड सावली बाराला मिळत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून मार्चमध्ये इथली खरी मध्यान्ह १२ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास होते, सप्टेंबरात १२ वाजून २७ मिनिटांच्या. त्या वेळी माझ्या मीटरभर काठीची सावली साडेतेहेतीस सेंटीमीटर भरते, उत्तरेकडे पडलेली. म्हणजे काठीच्या एक तृतीयांश.

आता काठीऐवजी बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी खुंटी, घ्या. आपल्याकडचे ज्योतिषी तोच घेत आले. बाराचा एक तृतीयांश चार. विषुवदिनाच्या मध्यान्ही बारा अंगुळ शंकूची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. पुण्याची पलभा चार अंगुळं आहे, आधुनिक अक्षांशाने काढली तर ४.०२. मुंबईची ४.१५, नागपूरची ४.६४, कोल्हापूरची ३.६, पणजीची ३.३, आणि जुन्या गणिताचं मूळ ठिकाण मानलेल्या उज्जैनची ५.१४. कुणाला आपल्या गावचा अक्षांश अंशांत सांगायची गरज नव्हती. एक दिवस, एक शंकू, एक सावली, आणि गाव पृथ्वीवर उत्तर-दक्षिण कुठे आहे ते ठरलं.

पलभेचं खरं मोल मला गणेश दैवज्ञांमुळे कळलं. हे कोकणातल्या नांदगावचे, मुरुड-जंजिऱ्याजवळच्या. शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० मध्ये त्यांनी ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ लिहिला. पंचांग करायला लागणारं गणित त्यांनी ‘ज्या’ म्हणजे साइनच्या कोष्टकांशिवाय, साध्या गुणाकार-भागाकारांत बसवून दिलं, आणि त्यावर महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शतकानुशतकं चालली. त्यात दिवसाच्या लांबीसाठी एक कृती आहे. गावची पलभा तीन जागी मांडा. पहिलीला दहाने गुणा, दुसरीला आठने, तिसरीला दहाने गुणून तीनने भागा. आलेले आकडे पळांत.

पुण्यासाठी करून बघू. चार दाहे चाळीस, चार आठे बत्तीस, आणि चाळीस भागिले तीन म्हणजे सव्वातेरा आणि थोडं वर. यांना चरखंडं म्हणतात. वसंतसंपातानंतर सूर्य एकेक रास, म्हणजे सुमारे एकेक महिना पुढे जातो, तसा सूर्योदय संपाताच्या दिवसापेक्षा किती अलीकडे येतो ते हे आकडे सांगतात. पहिल्या महिन्यात ४० पळं, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात साधारण १३. एक पळ चोवीस सेकंदांचं. तिन्ही मिळून ८५ पळं, म्हणजे ३४ मिनिटं. सूर्यास्तही तेवढाच पुढे जातो, तेव्हा जूनमधला सर्वांत मोठा दिवस बारा तासांपेक्षा ६८ मिनिटांनी मोठा. आजच्या त्रिकोणमितीने हाच आकडा ६७ मिनिटांच्या जरा आत येतो. वातावरणाची सात मिनिटं वर घातली की पुण्याचा २१ जूनचा दिवस, सव्वातेरा तासांना मिनिटभर कमी. पाचशे वर्षांपूर्वी एका कोकणातल्या माणसाने दिलेल्या दोन ओळींच्या कृतीत, चार अंगुळांच्या एका सावलीवरून, वर्षभराच्या सगळ्या दिवसांची लांबी मिनिटभराच्या फरकाने निघते. मी हे गणित पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा बराच वेळ नुसता त्या आकड्यांकडे बघत बसलो होतो.

त्या आकड्यांतच माझं मघाचं म्हणणं दडलं आहे. चाळीस, बत्तीस, तेरा. जो महिना संपाताला लागून आहे त्यात दिवस सर्वांत जास्त वाढतो, आणि जो अयनबिंदूला लागून आहे त्यात जेमतेम वाढतो. बांगड्यांकडे परत पाहिलं तर कारण लगेच दिसतं: दोघी जिथे एकमेकींना छेदतात तिथेच त्यांच्यातलं अंतर सर्वांत झपाट्याने वाढतं, आणि जिथे अंतर सर्वांत जास्त असतं तिथे काही काळ त्या समांतर चालल्यासारख्या असतात. संपाताच्या दिवसांत सूर्य रोज ०.४ अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो, म्हणजे स्वतःच्या बिंबाच्या पाऊणपट. २१ जूनच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर तो सरकतो की नाही हे साध्या डोळ्यांना कळत नाही.

पुण्याच्या अक्षांशावर मार्चमध्ये दिवस रोज सुमारे एका मिनिटाने वाढतो, त्यामुळे आपल्याला ते अंगावर येत नाही. माझी मावसबहीण लंडनजवळ राहते. तिच्याकडे तोच बदल रोज चार मिनिटांचा आहे. आठवड्यात जवळजवळ अर्धा तास. मार्चमध्ये तिच्या फोनवरच्या आवाजातच फरक पडतो. ऑफिसातून निघताना अजून उजेड होता, एवढंच ती सांगते, पण ते सांगायला फोन करते. सप्टेंबरअखेर ती गप्प होत जाते. अनेक मराठी घरांत आता असे फोन येत असतील. त्यांच्यासाठी विषुवदिन हा पुस्तकातला दिवस नाही, उजेडाच्या उताराचा सर्वांत तीव्र भाग आहे.

हाच वेग समजायला कोल्हापूरचा किरणोत्सव फार उपयोगी पडतो, जरी तो विषुवदिनाला होत नाही. अंबाबाईचं मंदिर पश्चिमाभिमुख. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी पूर्ण मूर्तीवर. या दोन तारखा वरवर एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटतात. २१ डिसेंबरपासून मोजा: १० नोव्हेंबर त्याच्या ४१ दिवस अलीकडे, ३१ जानेवारी ४१ दिवस पलीकडे. दक्षिणेकडे जाताना सूर्य जिथे मावळतो, परतताना पुन्हा तिथेच मावळतो. आणि उत्सव मोजके दिवसच का? कारण त्या सुमारास सूर्य रोज अर्ध्या बिंबाएवढा सरकत असतो. मंदिराचा रोख २१ डिसेंबरच्या मावळतीवर असता, तर किरणं पंधरा-पंधरा दिवस आत येत राहिली असती. ज्यांनी ही दिशा धरली त्यांनी सूर्याची चाल बघितली होती, एवढं निश्चित.

जाता जाता एक अगदी आजची गोष्ट. डीटीएचचं चित्र मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दुपारी दहाएक मिनिटं बिघडतं. उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर स्थिर असतात, आणि संपाताच्या आसपास सूर्य नेमका त्यांच्या पाठीमागून जातो. छपरावरची तबकडी तेव्हा थेट सूर्याकडे बघत असते.

आता ऋतू. मार्च आणि सप्टेंबर या दोन्ही विषुवदिनांना पुण्यावर सूर्य तेवढाच उंच येतो आणि तेवढाच वेळ राहतो. सूर्याच्या बाजूने दोन दिवस जुळे आहेत. पण मार्चच्या त्या दिवशी पारा पस्तिशीच्या पुढे गेलेला असतो, डोंगर पिवळे पडलेले असतात, पळस-पांगारा फुललेले असतात आणि टेकडीवरच्या वाळक्या गवताला कुठे तरी आग लागलेली असते. सप्टेंबरच्या दिवशी तिशीच्या आसपास तापमान, हवेत ओल, कासच्या पठारावर फुलं, धरणं भरलेली. एकाच उंचीच्या सूर्याखाली इतके वेगळे दोन दिवस. हे मला विषुवदिनाबद्दलचं सर्वांत शिकवणारं निरीक्षण वाटतं. सूर्य ऊन देतो, पण त्या उन्हाचं काय करायचं ते जमीन, समुद्र आणि ढग ठरवतात. मार्चमध्ये ऊन कोरड्या मातीवर पडतं आणि सगळं मातीला तापवण्यात खर्च होतं. सप्टेंबरात तेच ऊन आधी ढगांत अडतं, आणि खाली पोहोचलं तरी ओल्या जमिनीतलं पाणी उडवण्यात त्यातलं बरंच संपतं.

समशीतोष्ण देशांत वसंतसंपात म्हणजे वसंताची सुरुवात, अयन म्हणजे उन्हाळ्याची, असे सोपे चार तुकडे करतात. तिथेही ऊन आणि उष्णता एकत्र चालत नाहीत. जून सर्वांत जास्त उजेडाचा, पण जुलै-ऑगस्ट जास्त गरम, कारण जमीन आणि त्याहून समुद्र तापायला वेळ घेतात. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. आपल्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. मुंबईत मेच्या मध्याला, नागपुरात २६ मेच्या सुमारास. २१ जूनला पुण्याचा मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला झुकलेला असतो आणि काठीची सावली दक्षिणेला पडते. मेमधला शून्य सावलीचा दिवस आता पुष्कळ शाळा साजरा करतात, जुलैतला कुणी करत नाही, कारण तेव्हा सूर्यच दिसत नाही. आपला उन्हाळा सूर्य उतरल्यामुळे संपत नाही, तो पावसामुळे तुटतो. म्हणूनच मोसमी वारे मागे फिरले की थोडासा उरलेला उन्हाळा परत येतो आणि आपण त्याला ऑक्टोबर हीट म्हणतो.

तरी पाऊसही शेवटी त्याच तिरक्या आसाचं लेकरू. सूर्य उत्तरेकडे सरकतो, भारताची जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उत्तरेकडे ओढला जातो. पण तो सूर्याच्या मागे रेंगाळत चालतो. सूर्य मार्चमध्ये विषुववृत्त ओलांडतो, पाऊस केरळात पोहोचायला १ जून उजाडतो. परतीचा प्रवासही तसाच: पश्चिम राजस्थानातून मोसमी वारे माघार घेऊ लागण्याची सरासरी तारीख १७ सप्टेंबर आहे, शरदसंपाताच्या ऐन तोंडावर, आणि मुंबईतून ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास निघतात.

भूगोलाची दुसरी बाजू पाहायची तर मॉरिशसकडे बघावं. तिथला मराठी समाज भाद्रपदात गणपती बसवतो. आपल्याकडे पाऊस ओसरत असतो, त्यांच्याकडे हिवाळा सरून वसंत येत असतो. तिथे विषुवदिनाच्या मध्यान्ही उभ्या केलेल्या शंकूची सावली दक्षिणेकडे पडेल, साडेचार अंगुळांना जरा कमी. दोन्हीकडे देव तोच, तिथी तीच, आणि ऋतू उलटा.

आता मला जी गोष्ट सर्वांत जास्त छळते तिच्याकडे येतो. हे संपातबिंदू ताऱ्यांमध्ये स्थिर नाहीत. पृथ्वीचा आस वर्षभरात दिशा बदलत नाही असं मी वर म्हटलं, ते एका वर्षापुरतं खरं आहे. हजारो वर्षांच्या हिशेबात तो हळूहळू एक वर्तुळ काढतो, सुमारे २५,८०० वर्षांत एक. त्यामुळे संपात दरवर्षी ५० विकलांनी मागे सरकतो, बहात्तर वर्षांत एक अंश. शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रं ढळतात. मुरुडच्या (दापोलीजवळच्या) शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी हे वाक्य हेरलं. नेमक्या पूर्वेला उगवायचं तर तारा विषुववृत्तावर हवा, म्हणजे संपात तेव्हा कृत्तिकांजवळ होता, आणि तो काळ त्यांनी इ.स.पू. ३००० च्या आसपास नेला. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण निरीक्षणाची पद्धत मला विलक्षण सुंदर वाटते. आज पुण्यातून पाहिलं तर कृत्तिका पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतात. संपात कृत्तिकांतून अश्विनी, रेवती असा मागे येत सध्या उत्तराभाद्रपदा नक्षत्रात आहे.

याचा परिणाम आपल्या घरातच आहे. उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ ला सुरू होतं आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी त्या एकाच दिवशी पडत. आपली पंचांगं राशी ताऱ्यांना धरून मोजतात, ऋतू संपाताला धरून चालतात, आणि दोघांमधली फट आता चोवीस अंशांची झाली आहे. महाराष्ट्रात या फटीचं माप किती धरायचं, रेवतीपासून की चित्रेपासून, यावर दोन पिढ्या भांडल्या. खरी मेहनत १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने केली. अध्यक्ष मेघनाद साहा. सदस्यांत नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. त्यांच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ ला, म्हणजे सौर चैत्र १, शके १८७९ ला, राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. वर्ष विषुवदिनानंतर लगेच सुरू होतं आणि आश्विन १ हा २३ सप्टेंबर, शरदसंपाताला लागून. वैशाख ते भाद्रपद पाच महिने ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे. मघाचे १८६ आणि १७९ आठवत असतील तर हा आराखडा का असा ते कळेल. पृथ्वीची मंद चाल महिन्यांच्या लांबीतच बसवली आहे. इतकी विचाराने केलेली दिनदर्शिका आपण राजपत्रापुरती ठेवली, याचं मला वाईट वाटतं.

कारण शेतकऱ्याच्या तोंडची पावसाची नक्षत्रं निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेली आहेत. मृग ७-८ जूनला लागतो, हस्त २६-२७ सप्टेंबरला. हस्तात मुली हत्तीचं चित्र मांडून भोंडला-हादगा खेळतात, हत्तीच्या सोंडेने पाणी ओतणारा तो पाऊस. आज मृग आणि कोकणातला पाऊस जवळजवळ हातात हात घालून येतात. पण गणेश दैवज्ञांच्या काळी ऋतूच्या मानाने मृग सुमारे सात दिवस आधी लागत होता, आजच्या तारखांत १ जूनच्या आसपास. आणखी हजार वर्षांनी तो २१-२२ जूनला लागेल. पाऊस मात्र सूर्याच्या उत्तर-दक्षिण चालीला बांधलेला आहे, तेव्हा निव्वळ या गणिताने पेरणीची वेळ हळूहळू रोहिणीत शिरेल. एका माणसाच्या आयुष्यात ही सरक एका दिवसाची, म्हणून कुणाला दिसत नाही, आणि म्हणी तशाच पुढे जातात.

बऱ्याच मराठी दिनदर्शिकांत तारखेच्या कोपऱ्यात भारतीय सौर दिनांक बारीक अक्षरांत छापलेला असतो. मी पावसाच्या नोंदींच्या वहीत आता नक्षत्राशेजारी तो दिनांकही लिहितो: मृग, सौर ज्येष्ठ १८. पहिला शब्द आजोबांकडून आलेला, दुसरा आकडा संपातापासून मोजलेला. नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने, प्रत्येक शाळेने हे दोन्ही शेजारी शेजारी लिहावेत असं मला मनापासून वाटतं.